पाव मैलाची शर्यत आणि इंधनाची गाळणी

मोटारींच्या शर्यतींचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार अश्वशक्तीचे आकडे देतात, चालकांच्या धाडसाची वर्णने करतात, कोणत्या साली कोणी किती वेग गाठला याची कोष्टके छापतात. इंधनाच्या गाळणीला मात्र त्यांच्या ग्रंथांत सहसा जागा मिळत नाही. मुठीत मावेल एवढी ती डबी. आत एक जाळी. एका तोंडाने पेट्रोल आत शिरते, दुसऱ्याने बाहेर पडते. तिच्याविषयी लिहावयाचे ते काय, असे त्यांस वाटत असावे. आम्हांस तसे वाटत नाही. ज्या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर आणि अर्थकारणावर बोलले जाते तेथे हा विषय थोडा परका वाटेल, हे आम्ही जाणतो. परंतु ही डबी कोणती घ्यावी आणि मोटारीत नेमकी कोठे बसवावी, हा प्रश्न सोडविताना अमेरिकेतील तरुणांनी कितीतरी इंजिने जाळून घेतली. त्यांतून त्यांनी जी उत्तरे काढली ती यंत्रशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात शोभावीत अशी आहेत.

ज्या शर्यतीविषयी आम्ही बोलत आहो तिला ड्रॅग शर्यत म्हणतात. दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या करावयाच्या, इशारा होताच दोन्ही सुटावयाच्या, आणि सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे १३२० फूट, जो आधी तोडील तो जिंकला. वळण नाही, फेऱ्या नाहीत. विदर्भातला शंकरपट ज्यांनी पाहिला आहे त्यांस अधिक सांगणे नको. बैलजोडी काय किंवा मोटार काय, खेळ सगळा सुटण्याच्या क्षणाचा. आणि गाळणीचा प्रश्न उद्भवतो तोही त्या क्षणापासूनच. प्रवासाच्या मोटारीला इंधन हळूहळू लागते. क्षणभर कमी पडले तर ती आचके देते, चालक तिला बाजूला घेतो आणि प्रकरण तेथेच मिटते. शर्यतीच्या मोटारीला जे लागते ते सर्व काही सेकंदांच्या आत, आणि पूर्ण भाराखाली. अशा वेळी इंधन कमी पडले की सिलिंडरात हवेचे प्रमाण वाढते, ज्वलन बेभान होते आणि उष्णता आवाक्याबाहेर जाते. पिस्टन ॲल्युमिनियमचा. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते. त्याच्या माथ्यावर भोक पडावयास फार वेळ लागत नाही.

या खेळाचा उगम दक्षिण कॅलिफोर्नियातील कोरड्या तळ्यांत आहे. मुरॉक, एल मिराज ही त्यांपैकी प्रसिद्ध. पावसाळ्याचे पाणी आटून गेल्यावर मैलोगणती सपाट तळ उघडा पडतो. तेथे लॉस एंजलिस परिसरातील तरुण जुन्या फोर्ड मोटारींची पत्रे काढून, इंजिने सुधारून, त्या पळवीत. १९३७ मध्ये त्यांच्या मंडळांनी एकत्र येऊन एक संघही स्थापन केला. तळ्याचा तळ सपाट खरा, पण वरून पिठासारखी क्षारयुक्त धूळ. पुढची मोटार गेली की मागच्या मोटारीपुढे भिंत उभी राही. ही धूळ डोळ्यांत जाई, हवेबरोबर इंजिनात जाई आणि डब्याने पेट्रोल भरताना टाकीतही जाई. पेट्रोल गाळून घेण्याची सवय त्यांस धुळीनेच लावली. जुन्या काळी मोटारवाले आणि वैमानिक नरसाळ्यात मऊ चामड्याचा तुकडा घालून पेट्रोल गाळीत. त्यात युक्ती अशी की चामडे पेट्रोलने भिजले म्हणजे पेट्रोल खाली झिरपते आणि पाणी वरच राहते. आपल्याकडे पाणी फडक्यातून गाळून हंड्यात भरीत, त्यातलाच हा प्रकार.

परंतु टाकीत शिरताना गाळलेले इंधन टाकीत स्वच्छ राहतेच असे नाही. टाकीचा गंज असतो, रबरी नळीचे कण असतात. म्हणून टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये दुसरी गाळणी हवी. फोर्डच्या टी मोटारीत (१९०८ ते १९२७ या काळात अशा दीड कोटीच्या घरात मोटारी निघाल्या) टाकी पुढच्या बैठकीखाली असे आणि पेट्रोल आपल्या वजनाने कार्ब्युरेटरकडे उतरे. टाकीच्या तळाशी एक लहान भांडे, त्यात जाळी, खाली तोटी. गाळ आणि पाणी भांड्यात बसे. तोटी उघडली की निघून जाई. व्यवस्था इतकी सरळ की तिच्यात बिघडण्यासारखे काही नव्हते. मात्र उभा चढ आला की टाकी इंजिनाच्या खालच्या पातळीला जाई आणि चालकास मोटार उलटी फिरवून मागल्या चालीने घाट चढावा लागे! १९३२ साली फोर्डने आठ सिलिंडरांचे प्रसिद्ध इंजिन बाजारात आणले, टाकी मोटारीच्या पाठीमागे नेली आणि इंजिनावर पंप बसविला. इंधन आता वजनाने उतरत नव्हते, ते ओढून आणावे लागत होते. शर्यतवाल्यांचे आवडते इंजिन हेच. त्यामुळे ही अडचणही त्यांच्याच वाट्यास आली.

पंप ओढतो असे आपण म्हणतो. वस्तुतः पंप ओढीत नाही. तो आपल्यापुढची जागा मोकळी करतो आणि बाहेरचे वातावरण टाकीतल्या द्रवाला त्या मोकळ्या जागेकडे ढकलते. सतराव्या शतकात इटलीतील टॉरिचेल्लीने हे दाखवून दिले. पोकळी कितीही चांगली केली तरी विहिरीचे पाणी चौतीस फुटांच्या वर ओढता येत नाही, त्याचे कारण हेच. वातावरणाचा दाब चौरस इंचास सुमारे १४.७ पौंड. ओढण्याच्या बाजूला एवढीच काय ती पुंजी. नळीची लांबी, तिची वळणे, टाकीच्या झाकणातले हवेचे भोक लहान असणे, या प्रत्येकाने त्या पुंजीतून थोडे थोडे खर्च होते. त्यात पेट्रोल पडले चंचल. दाब कमी झाला, त्यातून उन्हाळा असला, की त्याचे बुडबुडे होतात. पंपाचे दाते मग द्रवाऐवजी वाफ घुसळू लागतात. बाहेरून पाहणाऱ्यास पंप चालू दिसतो, पण पुढे जाते ते अर्धे इंधन आणि अर्धी वाफ.

आता नवशिक्या काय करी ते पाहा. त्याने नवा पंप महाग किमतीस आणलेला असे. पंपात कचरा जाऊ नये म्हणून तो बाजारात मिळेल ती सर्वांत बारीक गाळणी आणून पंपाच्या अलीकडे, टाकीच्या बाजूस बसवी. चोराला दाराशीच अडवावे, हा त्याचा विचार. आणि तो चुकीचा तरी कसा म्हणावा? परंतु परिणाम उलटा होई. बारीक जाळीतून इंधन पलीकडे न्यावयास दाब लागतो, आणि त्या बाजूस दाब मुळातच बेताचा. जाळीने कचरा अडविला, त्याबरोबर इंधनही अडविले. जी गाळणी पंपाच्या रक्षणासाठी लावली तिनेच पंप कोरडा चालू लागला आणि झिजला.

यावर जी तोड निघाली ती आजही सर्व जाणते कारागीर पाळतात. पंपाच्या अलीकडे भरड जाळी लावावयाची, पण तिचे अंग मोठे. पंपाच्या पलीकडे, जेथे पंपाचा दाब पाठीशी असतो तेथे, बारीक जाळी. आजच्या भाषेत सांगावयाचे तर अलीकडची जाळी १०० मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढ्या भोकांची, आणि पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीत पलीकडची १० मायक्रॉनची. माणसाचा केस ढोबळपणे ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून कल्पना करावी. पंपाच्या दात्यांना इजा होईल असे खडे पहिली जाळी अडविते. सूक्ष्म छिद्रे तुंबविणारी माती दुसरी अडविते. दोघींची कामे निराळी, म्हणून जागा निराळ्या. येथे आमचे स्वतःचे मत असे की गाळणी निवडताना लोक बारीकपणाची चौकशी फार करतात आणि क्षेत्रफळाची मुळीच करीत नाहीत. कागदाला चुण्या घालून डबीत भरतात त्या उगाच नव्हेत. जाळी बारीक हवी असेल तर ती पसरट घ्यावी लागते. एकाच भोकावरचा भार हजार भोकांत वाटून द्यावा लागतो.

शर्यती तळ्यांवरून शहराजवळ आल्या त्या दुसऱ्या महायुद्धानंतर. १९५० साली कॅलिफोर्नियातील सांता आना येथे विमानतळाच्या धावपट्टीवर दर रविवारी तिकीट लावून शर्यती होऊ लागल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी राष्ट्रीय संघटना स्थापिली. ते तेव्हा ‘हॉट रॉड’ मासिकाचे संपादक होते. १९५५ मध्ये तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा कॅन्ससमधील ग्रेट बेंड येथे भरली. पावसाने तिचा विचका केला आणि अखेरच्या फेऱ्या ॲरिझोनात नेऊन पुऱ्या कराव्या लागल्या. धावपट्टी फरसबंद, चाकांना पकड चांगली. तेव्हा मोटारी अधिक जोराने सुटू लागल्या, आणि या जोराने गाळणीच्या प्रश्नाला नवीनच वळण दिले.

मोटार झपाट्याने पुढे सुटली की आत बसलेला माणूस मागे दाबला जातो. नळीतले पेट्रोलही तसेच मागे रेलते. टाकी पाठीमागे आणि इंजिन पुढे, मध्ये समजा तेरा फूट नळी. मोटारीचा त्वरण गुरुत्वाकर्षणाएवढा झाला, तर ती आडवी नळी तेरा फूट उंच उभी केल्यासारखीच वागते. तेरा फूट पेट्रोलच्या स्तंभाचा दाब चौरस इंचास सव्वाचार पौंडांच्या आसपास भरतो. गणित अवघड नाही, कोणीही करून पाहावे. कार्ब्युरेटरला पुरविण्याचा दाब सहासात पौंड. म्हणजे सुटण्याच्या क्षणी पंपाची दोनतृतीयांश कमाई केवळ नळीतच खर्च झाली. उरलेल्या दोनअडीच पौंडांतून गाळणीने दोन खाल्ले तर इंजिनाला काय पोचणार? यात फसगत अशी की कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडे इंधन साठलेले असते आणि पहिला क्षण त्यावर निभावतो. मोटार सुटते छान, आणि मध्यावर जाऊन ढेपाळते. मग चालक ठिणगी तपासतो, गिअर तपासतो, आणि पाठीमागे टाकीजवळ लावलेल्या डबीकडे त्याचे लक्ष जात नाही.

ही अडचण शर्यतीसाठीच बांधलेल्या उघड्या सांगाड्यांच्या मोटारींनी फार सोप्या रीतीने टाळली. त्यांनी टाकीच उचलून पुढच्या आसावर, इंजिनाच्या पुढे नेऊन ठेवली आणि इंधन बाहेर काढण्याचे तोंड टाकीच्या मागल्या बाजूस ठेवले. मोटार सुटली की पेट्रोल मागे रेलते, म्हणजे पंपाकडेच येते. जे बळ आडवे येत होते तेच कामाला लागले. कॅलिफोर्नियातील डीन मून या कारखानदाराने ॲल्युमिनियमच्या गोल टाक्या करून विकल्या. त्या काळच्या छायाचित्रांत पुढच्या चाकांच्या मधोमध चकाकणारे जे पिंप दिसते ते बहुधा त्याचे. नळी आखूड झाली, वळणे गेली आणि भरड गाळणी पंपाशेजारी बसविता आली.

दरम्यान इंधनही बदलले, आणि त्याबरोबर गाळणीची जातही. स्टुअर्ट हिलबर्न हा तळ्यांवरच्या शर्यतींतून वर आलेला गृहस्थ. १९४८ साली त्याच्या मोटारीने तळ्यांवर ताशी १५० मैलांची मर्यादा प्रथम ओलांडली. त्याने कार्ब्युरेटर काढून टाकला आणि इंजिनावर फिरणाऱ्या पंपाने प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या तोटीतून इंधन फवारण्याची रचना केली. पंप लागेल त्याहून अधिक इंधन देतो आणि उरलेले एका मापाच्या छिद्रातून टाकीत परत जाते. पुढे पुष्कळ वर्षे शर्यतीच्या जगात या रचनेचा दबदबा राहिला. तिच्यात कचऱ्याचे भय मात्र पूर्वीहून वाढले. कार्ब्युरेटरमध्ये कण अडकला तर सर्व सिलिंडरांना थोडे थोडे कमी पडे. येथे एका तोटीत एक कण अडकला की सात सिलिंडर व्यवस्थित आणि आठवा उपाशी. इंजिनाच्या एकंदर आवाजावरून ते समजत नाही. समजते ते पिस्टन फुटल्यावर. म्हणून अशा रचनेत पंपाच्या पलीकडची गाळणी ही चैन नव्हे. ती सर्व तोट्यांच्या फाट्याच्या अलीकडे हवी, आणि तिचे भोक तोटीच्या छिद्राहून पुष्कळ लहान हवे.

हिलबर्नची रचना मिथेनॉलवर उत्तम चाले. मिथेनॉल हा एक मद्यार्क. तो जळताना इंजिन थंड ठेवतो, पण हवेच्या त्याच मापाला पेट्रोलच्या दुपटीहून अधिक लागतो; पेट्रोल एक भाग तर हवा चौदापंधरा भाग, मिथेनॉल एक भाग तर हवा साडेसहा भागांच्याही आतच. तेव्हा पेट्रोलच्या मापाची गाळणी येथे अरुंद पडते. दुसरे असे की मिथेनॉल हवेतले पाणी ओढतो, ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम खातो आणि त्यांचा पांढरा, चिकट साका नळ्यांत सोडतो. तिसरे, पेट्रोलमध्ये निमूट काम करणारा कागद त्याच्यात फुगतो, त्याची भोके मिटतात. म्हणून मद्यार्काच्या मोटारीत कागद वर्ज्य. तेथे न गंजणाऱ्या पोलादाच्या तारांची जाळी, साधारण ४० मायक्रॉनची; दहा मायक्रॉनचा आग्रह तेथे कोणी धरीत नाही.

त्यानंतर आले नायट्रोमिथेन. विक एडेलब्रॉक प्रभृतींनी १९५० च्या सुमारास ते शर्यतीच्या इंजिनांत वापरून पाहिले. त्याच्या अणुरेणूंतच प्राणवायू असतो, त्यामुळे हवा फारशी लागत नाही. एका भागाला १.७ भाग हवा पुरते, म्हणजे त्याच हवेत पेट्रोलच्या आठपटींहून अधिक इंधन जाळता येते. १९५७ मध्ये राष्ट्रीय संघटनेने त्यावर बंदी घातली. ती १९६३-६४ पर्यंत उठली. आज या शर्यतींचा सर्वांत वरचा जो वर्ग आहे त्यातील मोटारीचा पंप मिनिटाला सुमारे १०० अमेरिकन गॅलन, म्हणजे सेकंदाला सहा लिटरांहून अधिक इंधन देऊ शकतो. घरातली पंधरा लिटरांची बादली अडीच सेकंदांत रिकामी! या मोटारी ताशी ३३० मैलांच्या वर जातात. २००८ साली न्यू जर्सीत एका चालकाचा मृत्यू झाला, त्यानंतर त्यांची धाव १३२० ऐवजी १००० फुटांवर थांबविण्यात आली. एवढ्या प्रवाहापुढे मुठीतल्या डबीची कथा काय? तेथे गाळणी नळकांड्याएवढी होते आणि नळी मनगटाच्या जाडीकडे झुकते.

जागेचा आणखी एक विचार आहे, आणि तो इंधनाच्या सोयीचा नसून माणसाच्या जिवाचा आहे. जुन्या सांगाड्यात चालक इंजिनाच्या पाठीमागे बसे. तेल, ज्वाळा, फुटलेले तुकडे, जे उडेल ते त्याच्याच अंगावर. डॉन गार्लिट्स हा या खेळातला सर्वश्रुत पुरुष १९५९ साली दक्षिण कॅरोलायनात अशाच स्फोटात भाजला. १९७० च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात त्याच्या मोटारीचा गिअरखाना फुटला आणि उजव्या पायाचा काही भाग गेला. अंथरुणात पडल्या पडल्या त्याने इंजिन चालकाच्या मागे ठेवण्याचा विचार पक्का केला आणि १९७१ साली तशा मोटारीने शर्यती जिंकून दाखविल्या. फ्लायव्हील आणि क्लच यांच्या भोवतीचा भाग सर्वांत घातक. ती चक्रे फुटली तर तुकडे बंदुकीच्या गोळीसारखे सुटतात. म्हणून संघटनेच्या नियमात असे आहे की पोलादी विणीची नसलेली इंधनाची नळी त्या भागातून जात असेल तर ती सोळा इंच लांब आणि अष्टमांश इंच जाड भिंतीच्या पोलादी नळकांड्यातून न्यावी. गाळणीलाही हाच न्याय. ती त्या चक्रांच्या रांगेत नको, धुराड्याच्या नळ्यांजवळ नको, आणि ठोकर लागेल अशी खाली लोंबती नको. जुन्या मोटारींवर काचेच्या वाटीची गाळणी असे. गाळ डोळ्यांनी दिसतो, ही तिची सोय. पण इंजिनाच्या तापलेल्या अंगाशेजारी दाबाखालचे पेट्रोल काचेत ठेवणे आम्हांस तरी पटत नाही.

हे सारे दूरदेशीचे आहे असे म्हणून सोडता येत नाही. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत. शर्यतीचे सोडा, आपल्या साखर कारखान्यांच्या मळीतून आणि रसातून निघणारे इथेनॉल आता रोजच्या पेट्रोलमध्ये मिसळलेले असते, आणि २०२५ पर्यंत त्याचे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. इथेनॉल हा मिथेनॉलचा सौम्य भाऊ. तोही पाणी ओढतो, आणि जुन्या टाकीच्या भिंतीला वर्षानुवर्षे चिकटलेला मळ सोडवितो. तो मळ वाहत येऊन बसतो गाळणीत. जुनी दुचाकी चढावर दम टाकू लागली, तर मिस्त्रीने कार्ब्युरेटर खोलण्यापूर्वी फिल्टर पाहावा, असे आम्ही सुचवू.

शर्यतीच्या मंडपात तर ही तपासणी नित्याची. धाव झाली की इंजिन उघडण्याआधी जाणता कारागीर गाळणी उघडतो आणि जाळी पांढऱ्या फडक्यावर झटकतो. काळे रबरी कण दिसले तर नवी नळी कापताना आतून साफ केली नव्हती. चकाकते धातूचे कण पंपाच्या पलीकडच्या जाळीत असतील तर पंप झिजू लागला. अलीकडच्या जाळीत असतील तर टाकी पाहावयाची. पांढरा साका असेल तर मागच्या रविवारी मिथेनॉल नळ्यांतच राहून गेले होते. मग सगळ्या नळ्या सोडून धुवावयाच्या, जाळी वाऱ्याच्या झोताने उलट्या बाजूने साफ करावयाची, आणि डबी परत लावताना तिच्यावरचा बाण प्रवाहाच्या दिशेने आहे ना, हे पाहावयाचे.